डेन्मार्कची गच्ची

पुण्यातली माणसं तोंडावर बोलतात, असं त्याचं ठाम मत होतं. पावणेतीन वर्षं तो आमच्या इमारतीत राहिला आणि हे मत त्यानं भेटेल त्याला ऐकवलं. आमच्याकडची माणसं गोड हसतात आणि मनातलं मनात ठेवतात, तुम्ही लोक स्पष्ट सांगता, मला हे फार आवडतं, असं म्हणायचा. आम्हीही ऐकून घ्यायचो. स्तुती कोणाला नको असते? त्याला कोणी सांगितलं नाही, की बाबा रे, आम्ही स्पष्ट सांगतो त्या दुसऱ्याच्या चुका. स्वतःची चूक असली की आमच्याइतकं मुकं जनावर शोधून सापडायचं नाही.

नाव त्याचं लांबलचक होतं आणि मधली दोन अक्षरं उच्चारताना घशात माशाचा काटा अडकल्यासारखं व्हायचं. आमच्या इमारतीनं पहिल्याच आठवड्यात त्याचं 'डेन्मार्क' करून टाकलं. डेन्मार्क आला का, डेन्मार्कची दुधाची पिशवी कोणी उचलली, डेन्मार्कच्या स्कूटरमुळे गाडी निघत नाही. त्याला हे कळलं तेव्हा मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "चालेल. देश लहान आहे, एका माणसात मावतो."

आमची इमारत नारायण पेठेतली. चार मजले, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर जिन्याच्या डावीकडे आम्ही दोघं नवराबायको, उजवीकडे तो. त्याच्या फ्लॅटचे मालक अमेरिकेत असतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी. अकरा वर्षं आहे. दुसरं कोणी हे काम घेत नाही म्हणून मी करतो असं मी सांगतो, आणि मी सोडत नाही म्हणून दुसरं कोणी घेत नाही असं बाकीचे सांगतात.

खराडीच्या एका कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. कंपनीनं त्याला तिथंच बाविसाव्या मजल्यावर, पोहायच्या तलावासकट घर दिलं होतं. चार महिन्यांत तो तिथून पळाला. का, तर गॅलरीत माती ठेवायला मनाई. प्लास्टिकचं गवत अंथरलं तर चालेल म्हणाले. हे सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग कुणाच्या तरी ओळखीतून आमच्या समोरचा फ्लॅट मिळाला. फ्लॅटच्या मालकांना त्यानं फोनवर एकच प्रश्न विचारला होता, गच्ची आहे का. मालकांनी अमेरिकेतून खुशाल होय म्हणून टाकलं. गच्ची सोसायटीची असते, मालकाची नसते, हे सांगायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

मी त्याला अटी घातल्या. कुंड्या फक्त स्वतःच्या फ्लॅटवरच्या भागात. प्रत्येक कुंडीखाली विटा. पन्हाळीपाशी पालापाचोळा दिसता कामा नये. दोऱ्यांवर आणि वाळवणांच्या जागेवर अतिक्रमण नाही. तो वहीत लिहून घेत होता. लिहून झाल्यावर त्यानं सगळ्या अटी मला वाचून दाखवल्या आणि विचारलं, अजून काही? अजून काही सुचेना म्हणून मला उगाच कमीपणा वाटला. शेवटपर्यंत त्यानं त्यातली एकही अट मोडली नाही. हे मला आज लिहावं लागतंय. वेळेवर बोललो असतो तर लिहावं लागलं नसतं.

पहिल्या वर्षी त्यानं मार्चमध्ये बी पेरलं. त्यांच्याकडे मार्चमध्ये पेरतात. टोमॅटो, मुळा, कसली कसली कोशिंबिरीची पानं. रोज सकाळी थर्मामीटर घेऊन उकिडवा बसायचा आणि आकडे लिहायचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं करपून काळं पडलं. मी पापडांवर धोतराचं पान टाकायला वर गेलो होतो. त्याला म्हटलं, अहो, पुण्यात मार्चमध्ये कोणी पेरत नाही, वाळवणं घालतात. त्यानं एकदा माझ्या बायकोच्या कुरडयांकडे पाहिलं, एकदा आपल्या टोमॅटोंकडे. मग वही उघडून ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं. मी टोमणा मारला होता. त्यानं तो शिकवणी म्हणून घेतला. अशा माणसाशी वाकडं बोलण्यात काही मजाच राहत नाही.

जूनपासून तो खरा लागला. रोपवाटिकेत पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा नियम. विकत आणलेलं झाड पाहुणं असतं, मागून आणलेलं नातेवाईक, असं म्हणायचा. हे वाक्य त्याला कोणी शिकवलं देव जाणे, बहुधा त्याचं त्यानंच बनवलं असावं. घरोघरी दार वाजवून फांद्या मागायचा. तळमजल्यावरच्या आजींकडून गवती चहा, तिसऱ्या मजल्यावरून ब्रह्मकमळाचं पान, आमच्याकडून कढीपत्त्याचं पिल्लू आणि अळूचे कांदे. आइस्क्रीमच्या काड्यांवर देवनागरीत लिहून प्रत्येक कुंडीत खोचायचा: 'गवती चहा, तळमजला, आजी'. अक्षर बालवाडीतलं, पण शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. वर गेलं की इमारतीतली सगळी कुटुंबं एका जागी गुण्यागोविंदानं नांदताना दिसायची. खाली असं कधी दिसलं नाही.

मातीला वजन असतं, स्लॅबवर भार नको, म्हणून तो कुंड्यांत माती मूठभरच घालायचा. बाकी सगळा सुका पाला आणि उसाची चिपाडं. चिपाडं कोपऱ्यावरच्या रसवंतीतून पोत्यात भरून आणायचा. पाला रस्ता झाडणाऱ्या बायकांकडून. त्या ढीग करून पेटवायच्या बेतात असल्या की हा स्कूटर आडवी घालून उभा. साडेसहा फुटांचा गोरा माणूस हात जोडून "जाळू नका ताई, मला द्या" म्हणतोय म्हटल्यावर त्या बिचाऱ्या काय करणार? नंतर नंतर त्याच पोती भरून फाटकाशी ठेवायला लागल्या.

ही पोती चार मजले चढवताना जिन्यात काड्या सांडायच्या. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त तहसीलदार राहतात. त्यांनी लेखी तक्रार केली. तहसीलदार तोंडी तक्रार करतच नाहीत, तीन प्रतींत करतात. मी नोटीस लावली. दुसऱ्या दिवसापासून डेन्मार्क रोज सकाळी कचेरीला निघायच्या आधी चारही मजल्यांचा जिना झाडू लागला. मग जिना झाडणारी बाई माझ्या दारात येऊन भांडली, की साहेब माझ्या पोटावर पाय आणतात. शेवटी तहसीलदारांनी तक्रार मागे घेतली, तीही तीन प्रतींत.

फुलांचा प्रकार तर सांगण्यासारखाच आहे. जास्वंद आणि अनंत फुलायला लागले आणि सकाळी सहापर्यंत झाडं साफ. हा चक्रावला. पाखरं असतील, खारी असतील, असं वहीत लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह घालायचा. त्याला काय माहीत, की आमच्याकडे देवाला स्वतःच्या झाडाचं फूल कोणी वाहत नाही! पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणात हात घालायचा, मग ते फूल देवाला पोचतं. मीच एकदा त्याला खरं काय ते सांगितलं. मात्र त्या टोळीत मीही आहे, एवढं वगळून सांगितलं. त्यानं दोन पाट्या केल्या. डावीकडची झाडं देवासाठी, उजवीकडची माझ्यासाठी, कृपया. आठवडाभर लोकांनी दोन्हीकडची तोडली. मग हळूहळू उजवीकडची तोडणं बंद झालं, आणि आणखी काही दिवसांनी डावीकडचीही. परवानगीनं फुलं तोडायला पहाटे उठायचा उत्साह कोणाला असतो?

गणपतीत विसर्जनाच्या हौदापाशी उभा राहून तो निर्माल्य मागून आणायचा. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, देवाची फुलं कुजवतोस होय रे? तो म्हणाला, देवाची झाडाला, झाडाची देवाला. आजींना ते इतकं पटलं, की त्या आपलं रोजचं निर्माल्य त्याच्या दाराला लटकवायला लागल्या.

तुम्हाला वाटेल मी त्याला देवमाणूस करतोय. छे. वैताग होता नुसता. अंगाला कायम कुजलेल्या पाल्याचा वास. न्हाणीघरात गांडुळांचे टब. चहाला बोलावलं तर अर्धा कप पिऊन उठायचा, आणि जाताना चोथा मागून न्यायचा. कोणतीही गोष्ट विचारली तर तो ती समजावून सांगायचा, आणि न विचारलेलीही सांगायचा. पाणीकपात सुरू झाली तेव्हा ह्यानं वॉटर फिल्टरमधून वाया जाणारं पाणी घरोघर बादल्या ठेवून गोळा केलं. आमच्याच घरी रोज किती लिटर वाया जातं ते मला कागदावर काढून दाखवलं. माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून! बायको हसत होती. ती त्याला अळूची भाजी करून पाठवायची, तो घासलेला डबा परत आणायचा आणि डब्यात चार मिरच्या घालायचा. रिकामा डबा परत करू नये हे त्याला कळलं होतं. आमच्या सुनांना अजून कळलेलं नाही.

कंपनीशी त्याचा दोन वर्षांचा करार होता. तो संपला तेव्हा त्याला परत बोलावलं. तो गेला नाही. खालच्या हुद्द्यावर, कमी पगारात, आणखी तीन वर्षं पुण्यातच राहू द्या असं मागून घेतलं. मी विचारलं, वेड लागलंय का तुम्हाला? तेव्हा त्यानं पहिल्यांदा स्वतःबद्दल थोडं सांगितलं. नोकरीपायी सात देशांत राहिला. बायकोनं तिसऱ्या देशापर्यंत साथ दिली. सगळीकडे घर मिळालं, गाडी मिळाली, पण सामान कधी पूर्ण उघडलं नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा सगळी खोकी उघडली आणि रद्दीवाल्याला देऊन टाकली. "आता मला जायचं म्हटलं तर खोकी विकत आणावी लागतील," तो म्हणाला.

त्याच महिन्यात बायकोच्या भावानं तिच्या माहेराहून, गुहागरकडून, सोनचाफ्याचं कलम आणलं. तिनंच मागवलं होतं त्याच्यासाठी. निळं पिंप अर्धं कापून, खाली बरोबर तुळई येईल अशी जागा मोजून त्यानं ते लावलं. बायको रोज संध्याकाळी वर जाऊन त्याला पाणी घालायची. मी म्हणायचो, नातवाचं इतकं केलं नाहीस. ती म्हणायची, नातू इथे कुठाय?

मग ऑगस्टमध्ये माझ्या मागच्या खोलीचं छत गळायला लागलं.

आधी पिवळा डाग, मग थेंब, मग खाली पातेलं. इमारतीनं एका दिवसात निकाल लावला: बाग. मीही तेच म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, मला तसंच वाटलं. सेक्रेटरी म्हणून मी डेन्मार्कला नोटीस दिली. ती घेऊन तो माझ्याकडे आला, डाग बघितला, वर जाऊन आला, आणि म्हणाला बाग उजवीकडे, डाग डावीकडे, पाणी इतकं चालत येणार नाही, पण आपण बघू. त्याची कंपनी पंप आणि नळजोड बनवायची. पाणी कुठून कुठे जातं हे शोधण्यात त्याचा जन्म गेला होता.

चार दिवस त्यानं झाडांना कपड्यांची नीळ घातलेलं पाणी दिलं. गच्ची निळी झाली, पन्हाळीतून निळं पाणी रस्त्यावर पडलं, तहसीलदारांनी तक्रार लिहिली. माझा डाग पिवळा तो पिवळाच राहिला. मग त्यानं मला माझ्या सोलरच्या पाण्याची टाकी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली. ठेवली. गळती थांबली. तिसऱ्या दिवशी चालू केली. तासाभरात पातेल्यात टपटप सुरू.

आता माझ्या सोलरची गोष्ट. गच्चीच्या स्लॅबला छिद्र पाडायला आमच्या सोसायटीत सक्त मनाई आहे. हा नियम मीच केलेला. तहसीलदारांना सोलर बसवायचा होता तेव्हा पाइप स्लॅबमधून थेट खाली घ्यायची परवानगी त्यांनी मागितली, आणि मी ती लेखी नाकारली. त्यांना बाहेरच्या भिंतीवरून चार वळणं घेत पाइप न्यावा लागला. त्यांच्या न्हाणीघरात पाणी पोचेपर्यंत कोमट होतं. पुढच्या दिवाळीत सगळे गावाला गेले असताना मी माझा सोलर बसवला, आणि पाइप स्लॅबला भोक पाडून सरळ खाली घेतला. वरून सिमेंटचा ठोकळा ठेवला. कोणाला पत्ता लागला नाही. तहसीलदार दर हिवाळ्यात जिन्यात विचारायचे, तुमचं पाणी बरं हो कडकडीत येतं? मी म्हणायचो, आमचे पाइप चांगल्या कंपनीचे आहेत.

डेन्मार्कनं ठोकळा सरकवून ते भोक पाहिलं होतं. त्यानं मला वर बोलावून दाखवलं. सांधा गेलाय, अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाला. मी ठोकळा परत भोकावर सरकवला. तोच पुढे म्हणाला, "मी कोणाला सांगितलेलं नाही. मीटिंगमध्ये आपणच सांगा. मी सांगितलं तर आपली तक्रार केल्यासारखं होईल."

बघा, त्याची अडचण काय होती. ऑक्टोबरात त्याच्या घराचा करार संपत होता. तो पुढे वाढवायचा तर सोसायटीचं ना हरकत पत्र हवं, आणि बागेमुळे छत गळत असेल तर ते मिळणार नाही असं कमिटीनं आधीच ठरवलं होतं. बाग ठेवायची तर मी बोलायला हवं होतं. मी बोलणार याबद्दल त्याला शंका नव्हती. पुण्यातली माणसं तोंडावर बोलतात ना!

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मीटिंग झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वडे, चहा. डेन्मार्क सगळ्यात मागे इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बायका नेहमीप्रमाणे जिन्याच्या पायऱ्यांवर. तहसीलदार उठले. डास, डेंग्यू, पाण्याची नासाडी, स्लॅबवरचा भार, निळं पाणी, सगळं बोलले. माणूस चांगला आहे, आमचं वैयक्तिक काही नाही, पण इमारत सगळ्यांची आहे, असंही म्हणाले. माणसाला घालवायचं ठरलं की आम्ही आधी तो चांगला असल्याचं जाहीर करतो. मग ते माझ्याकडे वळले. गळतंय तुमच्याच घरात, तेव्हा तुम्हीच सांगा.

मी उभा राहिलो. खरं सांगतो, उभा राहीपर्यंत मी सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि समोर तहसीलदारांचा चेहरा दिसला. चार हिवाळे कोमट पाण्यानं अंघोळ केलेला चेहरा. हा माणूस मला तीन प्रतींत फाडून खाईल. अकरा वर्षांची सेक्रेटरीगिरी एका भोकातून वाहून जाईल. मी म्हणालो, "गळतंय, एवढं खरं आहे." आणि खाली बसलो.

खोटं एक अक्षर बोललो नाही. त्याचा मला काही दिवस अभिमानसुद्धा वाटला, सांगायला लाज वाटते.

मागून डेन्मार्कनं हात वर केला. तहसीलदार म्हणाले, भाडेकरूंना मीटिंगमध्ये बोलता येत नाही, इथे फक्त मेंबर बोलतात. बरोबर ना सेक्रेटरी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही बघत होता. हात अजून वरच होता.

"नियम आहे," मी म्हणालो.

त्यानं हात खाली घेतला. पुढचं पाच मिनिटांत झालं. बाग पंधरा दिवसांत काढावी, मग ना हरकत पत्र देण्यास सोसायटीची हरकत नाही. ठराव मीच लिहिला. अक्षर छान आलं होतं.

बागेशिवाय राहायला त्याला कोणी ना म्हटलं नव्हतं. राहा की, आम्ही कुठे नको म्हणतोय, असं सगळे जिन्यात म्हणत होते. तो हसायचा. मला तोवर ते हसणं ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडची माणसं मनातलं मनात ठेवून हसतात म्हणायचा, ते हेच असावं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं बुधवार पेठेतून रिकामी खोकी आणली.

झाडं त्यानं ज्याची त्याला परत केली. एकेक कुंडी उचलून दारोदार, काडीसकट. घ्यायला लोकांना अवघड वाटत होतं. गच्ची रिकामी करा असं म्हणताना आपलं झाड आपल्या दारात येईल, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी रडल्या. मग त्यांनी मला बोलावून विचारलं, की खरंच त्याच्यामुळे गळत होतं का रे? मी म्हणालो, बघतोय आजी. आमच्याकडे कढीपत्ता आला, अळूचे कांदे आले. बायकोनं ते दारातच उभं राहून घेतले. डब्यात घालायला तिच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं.

सोनचाफ्याचं पिंप जिन्याच्या वळणातून खाली उतरेना. वर नेताना ते रिकामं होतं, आता झाड छातीएवढं झालं होतं. दोन मजूर तासभर झटले. शेवटी त्यांनी कोयत्यानं ते बुंध्यापाशी तोडलं. अजून एकदाही फुललं नव्हतं. डेन्मार्क शेजारी उभा होता. तुकडे गोळा करायला तो वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मी जिन्यावरून अर्ध्यातून परत फिरलो.

निघायच्या दिवशी मालकांची किल्ली द्यायला तो माझ्याकडे आला. मी मनाशी सगळी तयारी केली होती. काय बोलेल, मग मी काय बोलेन. तहसीलदारांवर ढकलायचं, नियमावर ढकलायचं, सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यानं किल्ली दिली. म्हणाला, "सांधा लवकर बदलून घ्या. आतली सळई गंजली तर छत पडेल. पलंग तिथून हलवा तोपर्यंत." आणि चौथ्या मजल्यावरून उतरून गेला. फाटकाशी पाल्याची पोती होती. त्या बायकांना कोणी सांगितलं नव्हतं.

तो गेल्यावर महिनाभरानं, सगळे दिवाळीला गावी गेल्यावर, मी प्लंबर बोलावला. अर्ध्या तासाचं काम होतं. ठोकळा परत जागेवर ठेवला. छत वाळलं, मी रंग काढून घेतला. इमारतीत सगळ्यांनी येऊन पाहिलं. बघा, बाग गेली आणि गळती गेली.

यंदाच्या वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. कल्पना तहसीलदारांची. गळतीचा जुनाट प्रश्न कोणाचीही भीड न ठेवता कायमचा सोडवल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि गुच्छ. भाषणात ते म्हणाले, चांगल्या शेजाऱ्यालाही नियम दाखवायला छाती लागते. टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितले. पुन्हा एकदा उभा होतो, पुन्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी कोणाचं काही जाणार नव्हतं, माझ्या नाकाखेरीज. मी आभार मानले आणि बसलो.

बायको या वेळी पायऱ्यांवर नव्हती. वर आलो तर स्वयंपाकघरात होती. शाल बघून विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, गळती थांबवल्याबद्दल. ती जराशी हसली आणि म्हणाली, सोलर बंद ठेवला होतात ते दोन दिवस मी गार पाण्यानं अंघोळ केली होती. दोन्ही दिवस पातेलं कोरडं होतं. तिसऱ्या दिवशी गरम पाणी आलं आणि पातेलंही भरलं. मला काय तेव्हाच कळलं नसेल?

माझा आवाज चढला. कळलं होतं तर त्या दिवशी बोलली का नाहीस? पायऱ्यांवर बसली होतीस ना? सगळं माहीत असून गप्प बसलीस आणि आज मला ऐकवतेस?

तिनं गॅस बारीक केला. शालीची घडी माझ्या हातातून घेतली, नीट केली, आणि परत माझ्याच हातात दिली.

"मी कशी बोलणार?" ती म्हणाली. "फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. मेंबर तुम्ही होतात."